आधी तळ, मग उडी

हल्ली दोन शब्द सारखे कानांवर पडतात. एक ‘पिलाटीज’ आणि दुसरा ‘हिट’. (हिट म्हणजे ओट्याखाली झुरळांवर मारायचं ते नव्हे हं!) कुणाची पुण्या-मुंबईची नणंद पिलाटीजला जाते. कुणाची कॉलेजातली लेक मोबाइल समोर ठेवून, खोलीचं दार लावून धपाधप उड्या मारते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, “काय हो, वर कांडण-बिंडण चालू असतं का?”

आणि आपण? आपण म्हणतो, हे आपल्यासाठी नाही. पहिलं श्रीमंतांचं आणि दुसरं तरुण पोरींचं. माझं मत अगदी उलट आहे. हे दोन्ही व्यायाम, आणि तेही एकमेकांच्या जोडीने, सगळ्यांत जास्त कुणाच्या उपयोगाचे असतील तर एक-दोन बाळंतपणं झालेल्या तुमच्या-माझ्यासारखीच्या. का ते सांगते. पण त्यासाठी जरा उघड बोलावं लागेल. घरातली पुरुषमंडळी हे पान वाचत असतील तर वाचू देत बापडी.

आधी ही नावं कुठली ते पाहू. पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव. जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीत जन्मले. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेलं हे पोर पुढे व्यायामाने सुधारलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते, आणि जर्मन म्हणून त्यांना इतरांबरोबर छावणीत डांबण्यात आलं. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांना पडल्या पडल्या व्यायाम करता यावा म्हणून त्यांनी खाटांना स्प्रिंगा जोडल्या, असं सांगतात. १९२६ साली ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कला क्लारा यांच्यासोबत त्यांनी व्यायामशाळा काढली. तिथे नर्तक-नर्तकींची रीघ लागली, कारण मोडलेलं, मुरगळलेलं अंग पुन्हा कामाला लावण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. १९४५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात जमिनीवर करायचे चौतीस व्यायाम आहेत. ते स्वतः आपल्या पद्धतीला ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे अंगावर ताबा मिळवण्याचं शास्त्र म्हणत. आज मोठ्या शहरांत जी स्प्रिंगांची महागडी यंत्रं दिसतात ती सोडा. सतरंजीवर करायचे चौतीस व्यायाम फुकट आहेत, आणि त्यांतले पाच-सहा आले तरी आपलं काम भागतं.

‘हिट’चं मूळ धावण्याच्या मैदानावर. थोडा वेळ जीव तोडून पळायचं, थोडा वेळ हळू, पुन्हा जीव तोडून. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक असाच सराव करत, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्यांनी नेली. पुढे १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी आपला प्रसिद्ध प्रयोग छापला. वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे, म्हणजे चारच मिनिटं! सहा आठवड्यांत हृदय-फुप्फुसांची ताकद भरपूर वाढली. झालं, ‘चार मिनिटांत चमत्कार’ अशा जाहिराती तेव्हापासून सुरू आहेत. पण त्या प्रयोगात होते कोण? शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातले तरणेबांड मुलगे. व्यायामाच्या सायकलीवर, दम पुरता संपेपर्यंत पाय मारणारे. त्यांच्यातल्या कुणाचं सिझेरियन झालेलं नव्हतं.

तर मुद्द्याकडे येते.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथे एकदा शिक्षिकांसाठी दोरीवरच्या उड्यांची स्पर्धा ठेवली. बक्षीस स्टीलचा डबा. आमच्यातल्या एक बाई चांगल्या उंच, काटक, कॉलेजात खो-खो खेळलेल्या. सगळ्यांनी त्यांनाच पुढे केलं. त्या काही केल्या उठेनात. गुडघा दुखतो म्हणाल्या. नंतर स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच उरलो तेव्हा हळूच म्हणाल्या, “अहो, मला खोकला आला तरी पंचाईत होते, उड्या कसल्या मारताय! धाकटा झाल्यापासून असंच आहे. सात वर्षं झाली.” सात वर्षं! डॉक्टरांना सांगितलंत का, विचारलं तर म्हणाल्या, “हे काय सांगायचं असतं?”

आता तुम्हीच मनाशी विचारा. शिंक आली की पाय आवळून उभी राहणारी, लग्नाच्या वरातीत मैत्रिणींनी हात धरून ओढलं तरी नाच टाळणारी, एस.टी.चा प्रवास आहे म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी एखादी तरी तुमच्या ओळखीची आहे की नाही? बाळंतपणानंतर हे पुष्कळजणींना होतं. ते ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडून देण्याजोगं नाही, आणि त्यात लाजण्यासारखं तर काहीच नाही. पण परिणाम काय होतो बघा. अशी बाई दम लागेल असा कुठलाही व्यायाम सोडून देते. हळूहळू चालणं तेवढं उरतं. मग चाळिशीत वजन, साखर, रक्तदाब एकामागून एक येतात, आणि आपण दोष देतो तो तिच्या आळसाला.

याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. आपलं धड म्हणजे एक डबा समजा. वर झाकणासारखा श्वासपटल, पुढून आणि बाजूंनी पोटाचे स्नायू, मागे पाठीचे, आणि खाली तळाला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. झोळीसारखे पसरलेले हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय, सगळं तोलून धरतात. खोकलो, उडी मारली, पाण्याची कळशी उचलली की डब्यातला दाब एकदम वाढतो. त्याच क्षणी तळ आवळला जायला हवा. नऊ महिन्यांच्या भाराने आणि बाळंतपणाने तो सैल पडलेला असतो. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कशी बाजूने निसटते? तसंच. पोटाचंही तेच, पुढचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात आणि काहीजणींचे पुन्हा पूर्ण जवळ येतच नाहीत.

म्हणूनच मला ही जोडी पटते. ‘हिट’ हृदयाला आणि फुप्फुसांना ताकद देतं, पण डब्याचा तळ आधीच सैल असेल तर नुसत्या उड्यांनी तो सुधारत नाही. पिलाटीज श्वास, पोट, पाठ आणि तळ एकत्र कामाला लावायला शिकवतं, पण त्याने छाती धडधडण्याइतका दम बहुधा लागत नाही. एक दुसऱ्याची उणीव भरून काढतं. फक्त क्रम महत्त्वाचा: आधी तळ, मग उडी.

“पण आम्ही दिवसभर उभ्याच असतो की! केर, फरशी, धुणं, हे काय कमी आहे?” असं कुणी म्हटलं की मला वाद घालावासा वाटत नाही, कारण थकवा खरा असतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवे नियम दिले तेव्हा सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली; लहानसहान हालचालही आता हिशेबात धरली जाते. पण थकणं वेगळं आणि दम लागणं वेगळं. ओट्यापाशी दोन तास उभं राहून पाय दुखतात, हृदयाला मात्र फारसं काम पडत नाही. त्याच नियमांत आठवड्याला मध्यम व्यायाम दीडशे ते तीनशे मिनिटं, किंवा जोराचा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटं सांगितला आहे, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. आणि आपण भारतीय बायका मधुमेहाच्या बाबतीत जरा कमनशिबीच. युरोपातल्या बायकांपेक्षा कमी वजनाला आणि कमी वयात तो आपल्याला गाठतो. आपल्याकडे बाईच्या कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरवर गेला की सावध व्हा म्हणतात. घरातली शिवणकामाची टेप काढा आणि बेंबीच्या आसपास, श्वास सोडून, मोजून बघा. पोट आत ओढायचं नाही!

सासूबाईंच्या वयाच्या बायका म्हणतात, हे सगळं आपल्याकडे होतंच. ‘आपल्याकडे सगळं होतंच’ हे वाक्य मला एरवी आवडत नाही, पण मंगळागौरीच्या खेळांपुरतं ते थोडंफार खरं आहे. फुगडी आठवा. दोघी गरगर फिरतात, श्वास पुरेनासा झाला की हात सोडून भिंतीला टेकतात, तोवर दुसरी जोडी उठते, मग पुन्हा पहिली. बसफुगडी तर मांड्यांची परीक्षाच. जोर आणि विसावा यांची पाळी हेच ‘हिट’चं मर्म. अडचण इतकीच की मंगळागौर श्रावणात येते आणि तीही लग्नानंतर पहिली पाच वर्षं. सूर्यनमस्कारांचंही तसंच. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा ध्यासच घेतला होता. भराभर दहा-बारा घालून मिनिटभर थांबलं आणि पुन्हा घातले, तर ‘हिट’च झालं. ज्या घालतात त्यांनी घालत राहावं.

आता प्रत्यक्ष करायचं काय?

पहिला महिना, सव्वा महिना फक्त सतरंजी. आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं. उताणं पडून गुडघे वर, तळपाय जमिनीवर. हात बरगड्यांच्या बाजूंना ठेवा आणि नाकाने श्वास असा घ्या की बरगड्या छत्रीसारख्या दोन्हीकडे फुलाव्यात. पोट फुगवायचं नाही. प्राणायाम करणाऱ्यांना इथे सुरुवातीला गोंधळायला होतं. मग तोंडाने सावकाश श्वास सोडताना ओटीपोटाचा तळ हलकेच आवळून वर उचलायचा, लघवी आणि वारा दोन्ही थोपवून धरताना करतो तसा. मांड्या आणि बसण्याची जागा आवळायची नाही, दम कोंडायचा नाही. काही सेकंद धरा आणि पूर्ण सैल सोडा. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. (प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका.) नुसता हा तळाचा व्यायाम अमेरिकेतले डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली लिहून ठेवला. आजचे डॉक्टरही दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठदा, असा तीन महिने नेमाने करायला सांगतात. पुष्कळजणींची गळती त्याने खरोखर कमी होते, कुणाकुणाची थांबते. पिलाटीज करता म्हणून तो गाळू नका. तो कुठेही होतो. दूध उतू जाण्याची वाट बघत उभं राहतो ना, तेव्हासुद्धा.

श्वास जमला की त्याच श्वासावर एकेक पाय उचलायचा, गुडघा दुमडलेलाच ठेवून. कंबर जमिनीवरून हलता कामा नये. मग पूल. श्वास सोडत माकडहाडापासून एकेक मणका सुटा करत कंबर उचलायची आणि तशीच, जपमाळेचे मणी सरकावे तशी, खाली टेकवायची. मग कुशीवर होऊन वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा. पालथं होऊन उजवा हात-डावा पाय, डावा हात-उजवा पाय. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळाच, पण नीट. धुसफुशीत केलेले पन्नास इथे कामाचे नाहीत. यातला प्रसिद्ध ‘हंड्रेड’, म्हणजे डोकं आणि पाय उचलून हात शंभरदा खालीवर करणं, घाईने करू नका. डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येत असेल, किंवा बेंबीपाशी दोनपेक्षा जास्त बोटं बसतील इतकी फट लागत असेल, तर अजून वेळ आहे.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातले दोन दिवस ‘हिट’, मध्ये निदान एक दिवस सोडून; सोमवार आणि गुरुवार म्हणा. आधी पाच मिनिटं तोच सतरंजीवरचा श्वास आणि पूल, मग तीन-चार मिनिटं घरातल्या घरात चालणं. नंतर अर्धा मिनिट जोर, एक मिनिट संथ, असे सहा फेरे. नऊ मिनिटांत आटोपतं. जोर म्हणजे उड्याच मारायला हव्यात असं मुळीच नाही. जागच्या जागी गुडघे उंच करत झपाझप चालणं, हात न टेकवता खुर्चीवरून भराभर ऊठबस, हवेत ठोसे (कुणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आणलात तर जोर आपोआप येतो), नाहीतर जिना. एक पाय सतत जमिनीवर राहिला की खालच्या काकूंचीही झोपमोड होत नाही. जोर पुरेसा झाला हे कसं ओळखायचं? कुणी विचारलं तर नाव सांगता यावं, पत्ता सांगता येऊ नये. ऊठबस करताना उठायच्या क्षणी श्वास सोडायचा आणि तळ उचलायचा. सतरंजीवरची शिकवणी इथे कामाला येते. दोन-तीन महिने एक थेंबही गळला नाही, खाली जड वाटलं नाही, तर मग छोट्या उड्या. नाही मारल्या तरी काही बिघडत नाही. दोन दिवसांची ही मिनिटं सगळी मिळून तशी थोडीच, म्हणून बाकीच्या दिवशी भरभर चालणं चालू ठेवायचं.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांकडे जायलाच हवं. गरोदर बाई, नुकतीच बाळंत झालेली किंवा सिझेरियन झालेली, रक्तदाब आटोक्यात नसलेली, हृदयाचा त्रास असलेली किंवा छातीत कधी दुखलेली. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारीने साखर एकदम उतरण्याबद्दल विचारून घ्यावं. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ पुढे गोल करण्याचे व्यायाम नकोत. पिलाटीजमध्ये ते पुष्कळ आहेत. अंग बाहेर आल्यासारखं वाटणारीने तर उड्यांचं नावही काढू नये. आणि एक तपासणी सगळ्यांनीच करावी, हिमोग्लोबिनची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्तक्षय आढळला. दोन पायऱ्या चढून धाप लागते ती व्यायामाच्या अभावानेच असं नव्हे. रक्तच कमी असेल तर आधी ते भरून काढायला हवं.

आता न मिळणाऱ्या गोष्टींबद्दल. महिन्यात दहा किलो, पंधरा दिवसांत सपाट पोट, असली वचनं देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी वितळत नाही, आणि ‘हिट’नंतर दिवसभर चरबी जळत राहते म्हणतात ती जळते फार थोडी. कंबरदुखीबद्दलच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली एकत्र आढावा घेतला. त्यात काही न करण्यापेक्षा पिलाटीज बरं दिसलं, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं काही ठरलं नाही. मिळतं ते काट्यावर दिसणारं नसतं. जिना चढून कुलूप उघडेपर्यंत श्वास जाग्यावर येतो. गव्हाचा डबा उचलताना कंबर आधी आवळली जाते, मग हात.

त्या बाईंना मी महिला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे धाडलं, आणि तिथे त्यांना तळाचा व्यायाम नीट शिकवला. चार महिने झाले. खोकल्याची पंचाईत पुष्कळ कमी झाली म्हणतात, पूर्ण गेलेली नाही. दोरी अजून हातात घेतलेली नाही, पण मधल्या सुट्टीत बिनधास्त पाणी पितात.

वेळ कुठली, हे प्रत्येकीने आपापलं ठरवावं. मला दुपारची, मुलं घरी यायच्या आधीची बरी वाटते. जेवणानंतर निदान दोन तास गेलेले असावेत. सैल पंजाबी ड्रेस चालतो, गाऊन मात्र पूल करताना तोंडावर येतो. फरशीवर नुसत्या मोज्यांनी जोर करू नका, पाय सटकतो. अनवाणी किंवा बुटात करा. पहिल्या ऊठबशींनंतर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा काही धरतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. घाबरू नका, दोन-तीन दिवसांत सुटतात. घरच्यांनी विचारलं तर सांगा, फुगडी घातली.